कचऱ्यातल्या बांगड्या

इकडं ये जरा. हो, तुलाच म्हणून राहिले. पुण्यात बसलेली असलीस तरी माझ्या लेखी तू इथं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच आहेस, तेव्हा सरक पुढं, आणि कानावरचं ते हेडफोनचं टोपलं आधी खाली ठेव. परवा फोनवर काय बोललीस ते मी विसरले नाही. मी आपलं साधं विचारलं, बाई, लॅपटॉपवर गाणं करतेस म्हणजे नेमकं काय करतेस? तर म्हणे, "जाऊ दे गं अक्का, तुला नाही कळायचं. देगलूरला असलं काही नसतं."

नसतं? अगं, तू रांगत होतीस तेव्हा आपल्या खाणावळीसमोर, बोळाच्या पलीकडं, गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत एक माणूस कॉम्प्युटरवर गाणी करत बसलेला असायचा. तू त्याच्या स्पीकरवर दुधाची बाटली उपडी केली होतीस. तो तुला एका शब्दानं बोलला नाही. स्पीकर चार दिवस गच्चीत वाळवला आणि मला म्हणाला, "अक्का, नातीनं चांगलं केलं. आता याचा आवाज सायीसारखा येतो." आणि तीच नात मला सांगते देगलूरला काही नसतं. शोभतं का?

मास्तर म्हणायचे त्यांना सगळे. आता ते लातूरला लेकीकडं असतात, आणि त्यांचं एक गाणं अडलंय. त्याच्यासाठीच लिहायला बसले. पण गाण्याआधी माणूस कळू दे तुला.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. स्वतःच चौथीत शाळा सोडलेली. लग्नाच्या बँडपार्टीत आधी बेंजो वाजवायचे, मग की-बोर्ड. बँडात सगळ्यांच्या पुढं जो असतो तो मास्तर, एवढंच. घराणं पिंजाऱ्यांचं. बाप, आजा, पणजा, सगळे खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरलेले. ती बापाची धनुकली, माणसाएवढं लाकडी धनुष्य आणि त्याला ताणलेली आतड्याची तात, मास्तरांच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती. खाली भावाचं गाद्यांचं दुकान, वर मास्तर.

कॉम्प्युटर त्यांनी नांदेडहून एसटीत मांडीवर बसवून आणला. वरून रजई पांघरलेली. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "चाचा, पेशंट हाय का?" मास्तर म्हणाले, "हौ, नवा जन्मलाय." घरी आणून तीन दिवस तो चालूच केला नाही. भाबी, म्हणजे त्यांची बायको, रोज फडक्यानं पुसायच्या आणि मला खिडकीतून सांगायच्या, "अक्का, हमारे घर सौतन आयी." चौथ्या दिवशी चालू केला आणि त्यानंतर बंद केलेला मी तरी पाहिला नाही.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. गाण्याचं सॉफ्टवेअर म्हणजे सगळी इंग्रजी बटणं. मास्तरांनी एक वही केली. त्यात बटणाचं चित्र काढायचं आणि ते दाबल्यावर काय झालं ते लिहायचं. "हे दाबलं. काही झालं न्हाई." "हे दाबलं. बाईचा आवाज पुरुषाचा झाला. पुन्यांदा दाबू नये." असली वही. दोन वर्षांत ती भरली आणि मास्तरांना सगळं यायला लागलं. मला समजावून सांगायचे, "अक्का, हे काय अवघड न्हाई. रजया रचता तसं. खाली ढोलकी, तिच्यावर पेटी, तिच्यावर गाणाऱ्याचा आवाज. एक रजई काढायची, दुसरी घालायची. खालची दबली न्हाई पायजे, एवढंच."

खोलीच्या चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दाराला गादी, छताला सुद्धा. बोळातला आवाज आत येऊ नये म्हणून. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. मे महिन्यात तिथं गायला बसायचं म्हणजे काय ते तूच विचार कर. एकदा एक भजनीबुवा घामानं निथळत म्हणाले, "मास्तर, जीव चाललाय, जरा पंखा लावा." मास्तर शांतपणे म्हणाले, "बुवा, घामाचा आवाज येत न्हाई. पंख्याचा येतो."

हळदीची गाणी, भीमगीतं, पैगंबरांवरची नात, भजनं, खताच्या दुकानाची रिक्षावरची जाहिरात, सगळं त्या खोलीत व्हायचं. आणि सगळ्याच्या तळाशी एकच आवाज असायचा. टंव्. टंव्. ती बापाची धनुकली. मास्तरांनी तिची तात एकदा ओढून आवाज कॉम्प्युटरात भरून ठेवला होता आणि मग तो मिठासारखा सगळीकडं घालायचे. नगरपालिकेच्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातल्या दोन उमेदवारांनी, एकमेकांना न कळू देता, दोघांनीही मास्तरांकडूनच प्रचाराचं गाणं करून घेतलं. मास्तरांनी दोन्हीत ताल तोच ठेवला, नावं तेवढी बदलली. बाजाराच्या दिवशी दोन्ही रिक्षा चौकात समोरासमोर आल्या. दोन्हीतून टंव् टंव्, आणि नेमकं एकाच वेळी! भाजीवाल्या बाया हसून हसून लोळायच्या राहिल्या, आणि पोरं मधोमध नाचायला लागली. दोघे उमेदवार तणतणत खोलीवर आले. मास्तर म्हणाले, "भांडताय कशाला? जो निवडून येईल त्याच्या मिरवणुकीला चालंल की हे." आणि खरंच चाललं.

कॉम्प्युटरात ते गाण्यांना नावं कशी द्यायचे ऐक. त्यांचा दुपारचा डबा आपल्या खाणावळीतून जायचा. त्या दिवशी डब्यात जे असेल ते गाण्याचं नाव. "अंबाडी." "वरणफळं." "धपाटे-दोन." गिऱ्हाईक म्हणालं अजून थोडं बदला, की "अंबाडी-पक्की." पुन्हा बदला म्हणालं, की "अंबाडी-पक्की-कसम से." कुणी सहा महिन्यांनी येऊन म्हणालं की माझ्या पोरीच्या हळदीचं गाणं पाहिजे, की मास्तर खिडकीतून ओरडायचे, "अक्का, पोळ्याच्या आदल्या दिवशी काय होतं?" मी ओरडायचे, "येसर आमटी!" की निघालं गाणं.

आणि माझी दुसरी नोकरी म्हणजे भाकरी. नवीन गाणं झालं की ते स्पीकर खिडकीत ठेवायचे आणि मी इकडं भाकरी थापत असायची. थापता थापता माझा हात गाण्याच्या तालात पडायला लागला की गाणं पास. हात अडखळला की परत काम. मी त्यांना माझ्या भाषेत सांगायची, मला दुसरी कुठली येते? म्हणायची, "मास्तर, आळणी वाटतंय," की ते खालचा जाड आवाज वाढवायचे. "गिचका झालाय," की दोन रजया काढायचे. "तिखट लागतंय," की वरचा बारीक, टोचरा आवाज कमी करायचे. "करपलं," म्हटलं की पहिल्यापासून. कधी चुकले नाहीत. तुमच्या पुण्याच्या कॉलेजात काय शब्द वापरतात मला माहीत नाही, पण आमचे चार शब्द पुरायचे.

आता एक महत्त्वाचं सांगते. मास्तरांचं सगळ्यात मोठं वैर होतं बांगड्यांशी. आपल्या बायका गायला बसल्या की हात हलल्याशिवाय राहत नाहीत, आणि हात हलला की काच वाजते. मास्तरांना ते चालायचं नाही. म्हणायचे, "बांगड्या काढून बसा." आता हळदीचं गाणं म्हणायला आलेली सवाष्ण हातातला चुडा काढून बसेल का? एक बाई तर उठून निघालीच होती. म्हणून मास्तरांनी तोड काढली. खालच्या दुकानातून रुई, म्हणजे पिंजलेला कापूस, आणायची, बांगड्यांच्या मधे मधे भरायची, आणि वरून चिंध्यांनी मनगट बांधून टाकायचं. पाच बायका गायला बसल्या की वाटायचं, पाचींचे हात मोडलेत आणि प्लास्टर घालून आणलंय. मी सुद्धा तशीच गायलेय पंचमीची गाणी, मनगटं बांधून.

भाबी मात्र नाही गायल्या.

अगं, काय आवाज होता त्यांचा! लग्नाघरी ढोलक घेऊन बायका बसल्या की भाबींशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. व्याह्याची, विहिणीची टिंगल करणारी ती दख्खनी गाणी. सगळ्या देगलूरचा आवाज मास्तरांनी त्या पेटीत भरला, आणि घरातलीच राहून गेली. म्हणायचे, "घरचीच हाय, कधी पण करू." एकदा मीच हट्ट धरला. दुपारची वेळ होती, भाबींना वर नेऊन बसवलं. मास्तरांनी रुई भरली, चिंध्या बांधल्या, पंखा बंद केला, बोट हलवलं. भाबींनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. मग आपल्या बांधलेल्या हातांकडं बघत म्हणाल्या, "हात बांधले की मेरे कू गाताच नै आता जी."

मास्तर म्हणाले, "मग राहू दे."

राहूनच गेलं. तू सहावीत होतीस तेव्हा भाबी गेल्या. तीन आठवड्यांचं दुखणं.

चाळीस दिवस मास्तर खाली दुकानात बसले, वर चढलेच नाहीत. एकेचाळिसाव्या दिवशी माझ्या दारात आले. हातात काही नाही, चेहरा सुकलेला. म्हणाले, "अक्का, तुमच्या पोरीच्या हळदीला मी टेप लावून ठेवला होता ना?"

लावला होता! तुझ्या आईची हळद, आपल्याच गच्चीवर. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता आला. भाबींनी ढोलक घेतली होती, आम्ही वीस-पंचवीस बायका टाळ्या वाजवत होतो आणि मास्तरांनी आपला जुना टेपरेकॉर्डर पाण्याच्या टाकीवर ठेवून दिला होता. मी ती कॅसेट तुझ्या आजोबांच्या कागदपत्रांच्या पेटीतून शोधून दिली. एवढा एकच पुरावा राहिला होता भाबींच्या आवाजाचा. तीन कडवी. तिसऱ्या कडव्यात भाबी ओळ विसरतात आणि हसायला लागतात, आणि त्यांच्या हसण्यावर सगळ्या बायका हसतात, आणि तिथं कॅसेट संपते.

ती कॅसेट मास्तर दहा-बारा वर्षं पिंजत बसलेत.

खोटं नाही. कॅसेटीत खरखर लई होती, खाली जनरेटर चालू होता, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. ते सगळं काढून भाबींचा आवाज मोकळा करायचा. त्या कामाला मास्तर "पिंजणं"च म्हणायचे. थोडं काढायचे, ऐकायचे, घाबरून परत घालायचे. "बाप सांगायचा, कचरा काढायचा पर रुई मारायची न्हाई. जास्त पिंजलं की रुईत जान राहत न्हाई." आणि बापाचीच दुसरी सवय त्यांनी धरून ठेवली होती. पिंजताना जो बारीक फुलोरा उडून कोपऱ्यात साठतो, तो बाप झाडून ठेवायचा, तान्ह्या लेकरांच्या उशीसाठी. मास्तर तसंच करायचे. गाण्यातून काढलेला एकही आवाज पुसून टाकायचे नाहीत. सगळा एका जागी ठेवायचा, आणि त्याचं नाव "कचरा." त्या एकाच फायलीला डब्याचं नाव नव्हतं.

लेकीला त्यांनी शब्द दिला होता, "तुझ्या पोरीच्या लग्नात ढोलकच्या रात्री नानी गाईल." ती पोर तेव्हा चौथीत होती. लग्न लांब होतं. घाई नव्हती.

पण मधेच दुसरं सुरू झालं. मास्तरांची गाणी तिखट व्हायला लागली.

मी खिडकीतून ओरडायचे, "मास्तर, तिखट लागतंय." आधी ते लगेच कमी करायचे. आता म्हणायला लागले, "नै अक्का, बराबर हाय." मी आपली भाकरी उलटायची. बिलोलीला एका हळदीत त्यांचं गाणं लावलं तर म्हाताऱ्या पदरानं कान झाकून बसल्या आणि पाळण्यातलं पोर किंचाळून उठलं. मी होते तिथं. लोकांनी पेनड्राइव्ह परत आणून दिला. मास्तर म्हणाले स्पीकर खराब होता त्यांचा. मग स्वतःचे स्पीकर बदलले. मग वायरी बदलल्या. गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. लोक तोंडावर नाही बोलायचे, पण बोलायचे, "मास्तरचं गाणं कानात सुईसारखं घुसतंय." मला कळलं होतं गं. कुकरची शिट्टी झाली तर त्यांना कळायचं नाही. दारात दूधवाला घंटी वाजवून जायचा आणि हे चहाला दूध नाही म्हणून वाट बघत बसायचे. आयुष्यभर बँडात ढोल-ताशाच्या शेजारी उभं राहिलेला माणूस, बारीक आवाज ऐकूच येत नव्हते, म्हणून ते वाढवत होते. आळणी लागतंय म्हणून मीठ घालत जावं तसं.

पण सांगायचं कसं? खाणावळीची बाई मी. ज्या माणसाचं सगळं जगणं कानात आहे त्याला, तुमचा कान गेला, असं कुठल्या तोंडानं सांगू? सांगितलं तर माणूस बसतो, नाही सांगितलं तर काम बसतं. दोन वर्षं मी तशीच भाकरी थापत राहिले.

गेल्या दिवाळीच्या आधी लेकीचा लातूरहून फोन आला. पोरीचं ठरलं. मास्तरांनी मला वर बोलावलं. "अक्का, तुमच्या भाबीचं गाणं झालं. पहिलं तुम्ही ऐका."

मी जिना चढले. गुडघ्यांनी साथ दिली त्या दिवशी. गादीवर टेकून बसले. मास्तरांनी लावलं आणि भाबी गायला लागल्या, अगदी समोर बसून गावं तशा. खरखर नाही, जनरेटर नाही, रडणारं लेकरू नाही. माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. गाणं संपलं. मास्तर माझ्याकडं बघत होते.

"कसं झालं?"

"आवाज लई छान आला. पण मास्तर, बांगड्या कुठं गेल्या?"

"कोणत्या?"

"भाबींच्या. टाळी वाजवताना खणखणतात त्या. आम्हा सगळ्यांच्याच."

"हायेत की. नीट ऐका." परत लावलं.

"न्हाईत मास्तर."

ते हसले. मग मूळ कॅसेट लावली, खरखरीसकट. "हितं हायेत?"

"हितं हायेत."

"मग तिथं पण हायेत. मी बांगड्यांला हात लावला नै. कसम से."

त्यांना दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. त्यांच्या कानाला बांगड्या दोन्हीकडं नव्हत्या, आणि त्यांच्या आठवणीतून त्या दोन्हीकडं वाजत होत्या. त्या दिवशी गप्प बसले असते तर ते तसंच गाणं लातूरला गेलं असतं, भाबींच्या बांगड्यांवाचून. मी म्हटलं, "मास्तर, मूळचं परत लावा. बांगडी वाजली की मी बोट वर करते."

कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र सरकत जातं ते तुला माहीतच आहे. त्या चित्रात बांगडीची एक बारीक उभी रेघ येते, गवताच्या काडीसारखी. गाणं सुरू झालं. खण, मी बोट वर केलं, आणि काडी सरकली. खण, बोट, काडी. खण, बोट, काडी. मास्तर एकदा माझ्या बोटाकडं बघत होते, एकदा काडीकडं. बोट होतं, काडी होती. मधलं काही त्यांच्यापर्यंत येत नव्हतं.

पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी गाणं थांबवलं.

मग विचारलं काय, माहीत आहे? "अक्का, आपल्या बोळात चिमण्या हायेत का अजून?"

"हायेत की मास्तर. तुमच्या खिडकीतच घरटं हाय."

"मला वाटलं पेपरात म्हणतात तशा गेल्या."

मी पदराला हात पुसत बसले. हात कोरडेच होते.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक हाय?"

"बिलोलीच्या हळदीपासून."

"सांगायचं होतं की."

"तुम्हाला राग आला असता."

"राग आलाच असता," मास्तर म्हणाले. "पर दोन वर्षं लोकांचे कान तरी वाचले असते." आणि हसले गं. रडत रडत हसले.

मग मला आठवलं, खरखरीबरोबर निघाल्या असतील तर बांगड्या तिथंच असणार. म्हटलं, "मास्तर, कचरा लावा."

त्यांनी लावला. पिंजून काढलेला तो सगळा फुलोरा. नुसती खरखर, जनरेटरची घरघर, त्यात एक लेकरू, आणि त्या सगळ्यावर खण, खण, खण, भाबींच्या बांगड्या. गाणं नाही, शब्द नाहीत. नुसते हात. आणि मधे मधे भाबी श्वास घेतात तो आवाज. मी डोळे मिटून बोट वर करत राहिले. मास्तरांना तिथं काय ऐकू येत असेल? जनरेटर तेवढा. पण ते काड्या मोजत होते. म्हणाले, "सगळ्या हायेत. एक पण फेकली नै मी."

त्या दिवसापासून आम्ही दोघं कामाला बसलो. दुपारची जेवणं आटोपली की मी वर. ते डोळ्यांनी काडी पकडायचे आणि कचऱ्यातून उचलून गाण्यात ठेवायचे, मी कानानं सांगायची. "अजून चिमूटभर. बस. आता जरा तिखट झालं. हां, आता लागलं." ज्या माणसानं सगळ्या गावाच्या बांगड्या बांधल्या, तो एकेक बांगडी हातानं परत बसवत होता. कानाचं मशीन आणलंय त्यांनी, नाही असं नाही. बोलण्यापुरतं घालतात. कामाला घालत नाहीत. म्हणतात, त्यातून भाबी रेडिओवरच्या बाईसारखी येते.

दोन कडवी झाली. मग संक्रांतीनंतर लेक आली आणि त्यांना लातूरला घेऊन गेली. एकट्यानं किती दिवस राहायचं? कॉम्प्युटर गेला, धनुकली गेली, दोन गाद्या पण गेल्या. मी महिन्यातून एकदा उदगीरच्या रस्त्यानं एसटीनं जाते, डबा घेऊन. लेक चिडते, "अक्का, माझ्या घरी जेवण नाही का?" मी म्हणते, फायलीला नाव काय देणार मग?

तिसरं कडवं राहिलंय. तेच अवघड आहे. भाबी ओळ विसरतात आणि हसतात ते. तिथं हसणं, टाळ्या, बांगड्या, खरखर, सगळा एकच गुंता. मागच्या खेपेला आम्ही दोघं त्यावरच बसलो होतो. मी म्हटलं, "आळणी वाटतंय. बांगड्या वाढवा." त्यांनी वाढवल्या. "अजून चिमूटभर." वाढवल्या. "अजून." तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात ठेवून पळत आली. हाताचं पीठ कानाला लागलेलं. "अक्का! अब्बा! काय चाललंय? काचंचं दुकान फुटल्यावाणी वाजून राहिलंय!"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी मास्तरांकडं. मला तर बरोबर लागत होतं गं. अगदी बरोबर.

"अक्का," मास्तर म्हणाले, "तुमच्याकडच्या चिमण्या कशा हायेत?"

आणि आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो, की लेक बिचारी पिठाचे हात घेऊन तशीच उभी. हसणं थांबलं तेव्हा मास्तरांनी गाणं बंद केलं. तिसऱ्या कडव्याला आता एकही कान शिल्लक नव्हता.

लेक आहे, पण तिला हे आळणी-तिखट समजत नाही. आईचा आवाज लागला की ती रडायलाच लागते, तिच्यानं काय काम होणार? मास्तर म्हणाले, "तिसरं राहू दे. दोनच वाजवू." पण "राहू दे" म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला. हाच शब्द त्यांनी एकदा भाबींना म्हटला होता, आणि तेव्हा पण मी तिथंच बसले होते. परत नाही बसायची मी.

लग्न दोन महिन्यांवर आलंय. तुझं वय बावीस. त्या टोपल्यानं अजून बिघडवले नसशील तर तुझे कान चांगले आहेत. आणि एवढी तक्रार मी केली तरी तू पाठवलेलं ते गाणं मी पूर्ण ऐकलंय. भाकरी थापताना ऐकलं. हात अडखळला नाही, हे आज सांगते, डोक्यावर चढून बसू नकोस. आमचे ते आळणी-तिखटाचे चार शब्द तुला शिकवायला मला एक दुपार पुरेल. आणि अजून एक. त्या तिसऱ्या कडव्यात ज्या बांगड्या सगळ्यांत जोरात वाजतात ना, भाबींच्या हसण्यावर, त्या नवरीच्या हिरव्या चुड्याच्या आहेत. तुझी आई आहे ती. तुझ्यापेक्षा लहान होती तेव्हा. तिची काडी कुठली आणि भाबींची कुठली, हे तू ओळखशील असं मला वाटतं.

तर ये. शनिवारची गाडी पकड, आधी देगलूरला माझ्याकडं उतर, अंबाडी करते, ती डब्यात घेऊन दोघी लातूरला जाऊ. लवकर ये, बाई. आणि येताना हातात काचेच्या बांगड्या घाल, चांगल्या डझनभर. मास्तरांच्या घरात आता चिंध्या नाहीत.